बोरखडीच्या पांढरीतलं रोमन नाणं

मी नाणं बोलतोय. रोमचं, काशाचं, साडेसतराशे वर्षांचं. पहिली गोष्ट ही, की तो पुढे आलेला हात मागे घ्या. दुसरी गोष्ट, 'वा, काय सुंदर पीस आहे!' असं म्हणू नका. हे वाक्य माझ्यासमोर ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्यानंच पुढे माझी कातडी सोलली. तेव्हापासून मला नाणी जमवणाऱ्या शौकीन लोकांचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. गोड गोड आत्मकथा ऐकायची असेल तर शाळेच्या वहीतल्या एखाद्या मोडक्या छत्रीकडे जा. ती रडून दाखवेल. मी रडत नाही, मी चिडतो.

जन्माचं थोडक्यात सांगतो. तापलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवली आणि वरून घण घातला. झालं माझं बारसं. एका बाजूला बादशहाचं तोंड आलं, दुसऱ्या बाजूला हातात तराजू घेतलेली एक बाई. बादशहाला मी कधी पाहिलं नाही. त्याच्या नाकाचं ओझं मात्र जन्मभर वाहिलं. तो गादीवर जेमतेम काही महिने टिकला, मग त्याच्याच शिपायांनी त्याला मारलं. त्याच्या नावाची नाणी थोडीच पडली, म्हणून मी दुर्मीळ. म्हणजे पाहा, तो नालायक निघाला म्हणून माझी मिजास! शौकीन लोकांना हे फार आवडतं. मला त्यात आवडण्यासारखं काही दिसत नाही.

मग जहाज, मग भडोचचं बंदर, मग बैलगाड्या. वऱ्हाडात कापूस तेव्हाही पिकत होता, आणि कापडाच्या मागे व्यापारी तेव्हाही फिरत होते. एकानं मला बोरखडीला आणलं. इथे मला कुणी नाणं म्हणून घेईना. एका बाईनं मला उलटंपालटं केलं, तराजूवाली बाई तिला आवडली असावी, आणि तिनं मला आपल्या मण्यांच्या गाडग्यात टाकून दिलं. पुढे ती गेली, तिचं घर पडलं, त्यावर दुसरं घर आलं, तेही पडलं. मी खाली, मातीत.

तुम्ही म्हणाल, बिचारा! अरे हट्! तेवढीच वर्षं काय ती सुखाची गेली. कुणी मला मोजलं नाही, भिंग लावून माझ्याकडे टक लावून पाहिलं नाही. अंगावर हळूहळू हिरवं चढत गेलं, त्यावर पांढरी माती घट्ट बसली. गावचे लोक त्या हिरव्याला कळंक म्हणतात, शौकीन लोक पटिना म्हणतात. मी त्याला माझी कातडी म्हणतो. ती यायला सतरा शतकं लागली.

त्या पांढऱ्या मातीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिच्यावरून झालं. वऱ्हाडात काळ्या रानात मध्येच पांढरट मातीचा उंचवटा दिसला की समजायचं, इथे कधीकाळी वस्ती होती. पडलेल्या भिंती, चुलीची राख, खापरं, हाडं, सगळ्यांची मिळून ती माती झालेली असते. लोक तिला पांढरी म्हणतात. बोरखडी हे अचलपूरहून एसटीनं पाऊण तासावरचं गाव. तिथली पांढरी चार माणसं उंच. तिच्या पायथ्याला बौद्ध वस्तीची चौदा घरं आणि एक छोटा विहार. त्यातलं शेवटचं घर भागीरथा नावाच्या बाईचं. तिच्या घराची मागची भिंत म्हणजे पांढरीला टेकूनच उभी.

गावाजवळून मोठा रस्ता चालला होता. भरावाला माती हवी. ठेकेदारानं परवाना आणला आणि पांढरीला जेसीबी लावला. महिनाभरात निम्मी पांढरी टिप्परमध्ये भरून गेली आणि खोदाई सरकत सरकत भागीरथाच्या भिंतीकडे आली. आधार निघाला की ती भिंत एका पावसाळ्यात बसणार, आणि तिच्यामागोमाग बाकीची घरं. भागीरथानं जेसीबीवाल्याला हात जोडून सांगितलं, ओरडून सांगितलं, एकदा तर यंत्राच्या बादलीपुढे जाऊन उभी राहिली. तो म्हणायचा, "मावशी, मले काहून सांगता? कागद दाखवा, थांबवतो."

अशाच एका सकाळी जेसीबीचा दात माझ्या गाडग्याला लागला. गाडगं फुटलं, मणी मातीबरोबर टिप्परमध्ये गेले, मी घरंगळत भागीरथाच्या पायाशी आलो. तिनं मला उचललं.

"अव माय! जुना पैसा हाय वाट्टे."

तिनं मला घासलं नाही, पुसलंही नाही. पदराच्या टोकात गाठ मारून ठेवलं. माणसाच्या हातात मी इतक्या वर्षांनी आलो होतो आणि तो हात बरा होता, हे मी मान्य करतो.

तिची मुलगी संध्या परतवाड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. संध्याकाळी ती आली, तिनं गाठ सोडली आणि मटकन खालीच बसली. "माय, तुले समजून राहिलं का हे काय आहे? ह्या पैशानं आपली भिंत वाचते!" मग तिनं आईच्या तळहातावर मला ठेवून मोबाईलवर फोटो काढले, सरळ आणि उलट, मागे खड्डा दिसेल असे. त्याच आठवड्यात तिनं अर्ज केला. ही पांढरी म्हणजे जुनी वसाहत आहे, इथे रोमन नाणं निघालं आहे, खोदाई थांबवावी. पुरातत्त्वच्या कचेरीतून उत्तर आलं, की अमुक तारखेला अधिकारी पाहणीला येतील, फोटोवर काही ठरत नाही, वस्तू समोर ठेवावी.

तारखेला बारा दिवस होते. संध्यानं म्हटलं, तोवर सरांकडून नाणं वाचून घेऊ. तज्ज्ञाचा शब्द असला की कुणाची टाप आहे नाही म्हणायची?

सर म्हणजे देवीदास सर. अमरावतीला इतिहासाचे प्राध्यापक होते, आता निवृत्त. संध्या त्यांच्याच हाताखाली शिकलेली. चाळीस वर्षं नाणी जमवतात, नाण्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, शाळाशाळांतून भाषणं देतात. घरीही ते भाषण घोकत असतात, मी पुढे ते इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. "मुलांनो, जुनं नाणं कधी धुवायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही. नाणं धुतलं की मेलं!" मुलं टाळ्या वाजवतात म्हणे.

मायलेकी मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सरांनी चष्मा वर केला, भिंग लावलं, आणि त्यांचा श्वास माझ्यावर जोरजोरात यायला लागला. "वा," ते म्हणाले, "काय सुंदर पीस आहे!" चहा गार झाला.

"ठेवून जा," शेवटी म्हणाले. "दोन दिवस. अक्षरं झिजली आहेत, नीट वाचून ठेवतो."

भागीरथा उठता उठता म्हणाली, "सर, काही चिठ्ठीगिठ्ठी देता का? पैसा तुमच्यापाशी हाय म्हून?"

संध्याचा चेहरा लाजेनं पार उतरला. "माय! सरांना कोणी चिठ्ठी मागते का?"

सर मोठ्यानं हसले. "मागू दे गं. आई आहे." पण चिठ्ठी काही दिली नाही. संध्याही त्यांच्या पाया पडून निघाली. आपल्या गुरूवर अविश्वास दाखवायचा म्हणजे तिच्या दृष्टीनं पापच. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं, अगं, घे चिठ्ठी! पण नाण्याचं ऐकतं कोण.

दोन दिवस झाले, चार झाले. संध्याचा फोन आला की सर म्हणायचे, "वाचतोय, वाचतोय." खोटं! त्यांनी मला पहिल्याच दुपारी वाचून काढलं होतं. त्यानंतर वाचायचं काही उरलंच नव्हतं, नुसतं पाहणं चाललं होतं. सकाळी पूजेआधी पाहायचे, जेवण झालं की पाहायचे. एका मखमली खणात मला ठेवलं होतं आणि त्या खणाचा अर्थ माझ्या लक्षात आला. तो खण कित्येक वर्षं रिकामा ठेवलेला होता. त्याखाली त्या पडलेल्या बादशहाचं नाव सुबक अक्षरात आधीच लिहून ठेवलेलं होतं. आसपासच्या खणांत त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे बादशहा बसले होते. एकटा मीच नव्हतो. तो माणूस चाळीस वर्षं माझी वाट पाहत होता. कुणाला यात प्रेम दिसेल. मला त्या खणात गुदमरायला झालं.

आणि असं प्रेम गप्प बसत नाही, ते कुणाला तरी दाखवावंच लागतं. पाचव्या दिवशी सरांनी मला खिशात घातलं आणि अकोल्याला नेलं, जुन्या शहरात, गोपालच्या दुकानात. मोर्णा नदीपलीकडच्या गल्लीत गोपालचं भांड्यांचं दुकान आहे. त्यालाही नाण्यांचं वेड. ह्या दोघांचं वीस वर्षांपासून हाडवैर, पण एकमेकांना दाखवल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही.

गोपालनं मला पाहिलं आणि त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "हे कुठून उपटलं?"

"माझ्याकडे तीस वर्षांपासून आहे," सर म्हणाले. "मुंबईच्या एका जुन्या घराण्याकडून घेतलं होतं."

ऐकलंत? मी बोरखडीचा, परवा परवा पदरातून सुटलेला, आणि हा माणूस मला मुंबईचा करतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नसेना का.

"तीस वर्षं?" गोपाल म्हणाला. "आन् मंडळाच्या प्रदर्शनात आपलं वाजलं होतं, तवा नाही काढलं तुमी हे? तवा तं तोंड पाडून बसले होते." त्यानं मला उजेडात नेलं, तिरपं धरलं, हिरव्यावरच्या मातीकडे बारीक डोळे करून पाहिलं. "सर, एक सांगा. मुंबईच्या घराण्यात राहिलेल्या नाण्याले आपल्या वऱ्हाडची पांढरी कशी काय चिकटली?"

सर काहीबाही बोलले. दिवाणखाना, धूळ, ओल. गोपाल नुसता हसला. "मले काय करायचं बापा. पण मंडळात सांगा हे, सगळ्यांले मजा वाटन."

परतीच्या एसटीत मी सरांच्या सदऱ्याच्या खिशात होतो, छातीला लागून. ते दर थोड्या वेळानं खिशावरून मला चाचपत होते. मला सगळं समजलं. नाणं जमिनीतून निघालं हे सांगावं तर ते सरकारकडे जमा करावं लागतं. मुंबईचं म्हणत राहावं तर अंगावरची पांढरी दाखवून गोपाल बोंब मारणार. आणि खरं सांगावं तर मंडळाचे अध्यक्ष खोटारडे ठरणार. तरी सुद्धा सरळ रस्ता होता. बोरखडीला जायचं, संध्याच्या हातात मला ठेवायचं, म्हणायचं, पोरी, चूक झाली. एवढंच. पण मग तो खण पुन्हा रिकामा झाला असता.

आठव्या दिवशी संध्या दारात उभी राहिली. "सर, पाहणी चार दिवसांवर आली. नाणं न्यायला आली."

सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "संध्या, तुला कसं सांगू? ते नकली आहे गं."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हल्ली अशा नकला फार येतात. वरचं हिरवं म्हणजे रंग असतो, रसायनानं आणलेला. कुणीतरी तिथे टाकलं असेल."

"सर, मायच्या समोर ते मातीतून निघालं."

"आई साधी आहे तुझी."

संध्याच्या डोळ्यात पाणी आलं, पण ती उठली नाही. "असू द्या नकली. द्या मला. पाहणीला येणाऱ्या मॅडम ठरवतील."

आता आली का पंचाईत! मला जसंच्या तसं तिच्या हाती दिलं असतं तर कुणीही जाणता माणूस क्षणात सांगणार, की हे खरं आहे. सर घाईघाईनं म्हणाले, "तू एकटी जाऊन फजिती करून घेऊ नकोस. मीच घेऊन येतो. मी स्वतः सांगतो त्यांना." बिचारीला तेही उपकारच वाटले. पुन्हा पाया पडली.

ती गेली आणि दार लावून सर स्वयंपाकघरात आले.

पुढचं सांगताना माझी चीड आवरत नाही, म्हणून थोडक्यात उरकतो. एका वाटीत चिंच कोळली, मीठ घातलं, लिंबं पिळली. मला त्यात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढून तारेच्या घासणीनं घासलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा घासलं. भांडी घासायची पावडर लावून घासलं. माती निघाली, हिरवं सुटलं, पाणी हिरवं झालं, मोरीत गेलं. सतरा शतकं मोरीत गेली! बादशहाचं नाक झिजलं, त्याचं मला दुःख नाही. पण त्या तराजूवाल्या बाईचा चेहराच पुसला गेला.

त्यांची बायको कौशल्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, हे तुम्ही करताय? लक्ष्मीपूजनाला मी एक पैसा चिंचेनं धुतला होता तर तुम्ही चार दिवस जेवला नव्हतात!"

"तू जा इथून," सर म्हणाले. घासणं काही थांबवलं नाही. रडतही होते हो! मला घासत होते आणि रडत होते. मला त्या रडण्याची कीव आली नाही. ज्याला आपण काय मारतोय ते ठाऊक आहे आणि तरी जो मारतो, त्याच्या आसवांचं मी काय करू?

तिसऱ्या दिवशी मी पिवळाधमक झालो. जत्रेत गाडीवर खोटा पैसा मिळतो तसा. फोटोतल्या माझ्याशी माझं काही नातं उरलं नाही. सरांना हेच हवं होतं. सगळ्यांसमोर मला नकली ठरवायचं, विषय संपवायचा, घरी आणून खणात ठेवायचं. मग दार लावून एकट्यानं पाहायचं, जन्मभर. मेलेला का होईना, पण त्यांचा.

पाहणीचा दिवस आला. विहारापुढे टेबल टाकलं होतं. पुरातत्त्वच्या आकांक्षा मॅडम आल्या, वयानं लहान, बोलायला नेमक्या. ठेकेदाराचा माणूस आला. जेसीबी भागीरथाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. चौदाही घरं कामं टाकून जमली होती.

सरांनी मला टेबलावर ठेवलं. ऊन पडलं आणि मी चमकलो. जमलेल्या लोकांतून 'हात् तिच्या' असा आवाज उठला.

"मॅडम," सर म्हणाले, "मी चाळीस वर्षं ह्या विषयात आहे. संध्यानं मला दिलेलं नाणं हेच. वरचा रंग धुतल्याबरोबर निघाला. खाली हे असं. बाजारी नक्कल आहे. माझी विद्यार्थिनी आहे, मला वाईट वाटतं, पण खरं ते सांगायला हवं."

आकांक्षा मॅडमनी फोटो पाहिला, मला पाहिलं. मग भागीरथाला विचारलं, "आजी, तुम्हाला सापडलेलं नाणं हेच का?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. संध्या पुटपुटली, "माय, हो म्हण." माझाही जीव टांगणीला लागला. एक 'हो' म्हण बाई! तुझी भिंत आहे तिकडे!

भागीरथा वाकली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू? माहा पैसा हिरवा होता. त्याले माती होती. हा तं पिवळा हाय. ह्याले मी नाई वयखत."

सरांनी सुस्कारा सोडला. मला ऐकू आला तो. ठेकेदाराचा माणूस ड्रायव्हरकडे पाहून हसला, ड्रायव्हरनं बिडी विझवली. आकांक्षा मॅडमनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. सरांनी हळूच मला उचललं आणि मुठीत घेतलं.

"पण सर," भागीरथा म्हणाली, "नकली हाय म्हणता ना?"

"हो आई. नकली आहे."

"मंग द्या इकडं. तुमाले काय कराचा हाय? शेजारची पोट्टी खेळन त्याच्याशी."

मूठ उघडेना.

"द्या ना सर," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमच्या काय कामाचं?"

"अभ्यासाला... म्हणजे मंडळात दाखवायला, की नक्कल कशी असते..."

"अशा नकली पैशापायी एवढं रडता काहून?" भागीरथा म्हणाली. तेव्हा लोकांनी सरांकडे पाहिलं. डोळे खरंच भरले होते. संध्याही पाहायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती आजवरची भक्ती मला उतरताना दिसली. तिनं पुढे होऊन शांतपणे म्हटलं, "सर, मायला द्या."

शेवटी मूठ उघडली. भागीरथानं मला चिमटीत धरलं, पदरानं पुसायला घेतलं, अंगठा माझ्या तोंडावर दाबून घासला. आणि सर ओरडले, असे ओरडले की जेसीबीवाल्यानंही वळून पाहिलं.

"अंगठा लावू नका! कडेनं धरा! कडेनं धरा त्याला!"

शौकीन माणूस खऱ्या जुन्या नाण्याच्या तोंडाला कधी बोट लावू देत नाही, घामानं ते खराब होतं. ही चाळीस वर्षांची सवय. बाजारी नकलेला कुणी असं जपत नाही, आणि हे आकांक्षा मॅडमना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "नकलीला कडेनं कशाला धरायचं?"

"सवय... सवय आहे मॅडम."

मॅडमनी भागीरथाकडून मला घेतलं. कडेनं धरलं. भिंग काढलं आणि एकेक अक्षर तपासायला लागल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग बादशहाच्या कानाच्या वळशात त्या थांबल्या. तिथे घासणी पोचली नव्हती. तिळाएवढं हिरवं होतं, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा कण. मॅडमनी तो सुईनं टोकरून पाहिला. हलला नाही.

"रंग असा बसत नाही," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे. आणि हे कुणीतरी मुद्दाम घासलं आहे." त्यांनी ठेकेदाराच्या माणसाकडे वळून सांगितलं, "आजपासून खोदाई बंद. कागद आत्ता देते."

मग पंचनामा झाला. पंचांच्या सह्या झाल्या, जेसीबी मागे गेला. बायका भागीरथाच्या भिंतीला हात लावून पाहत होत्या. सर एका खुर्चीवर बसून राहिले होते. म्हणाले, "संध्या, तू तरी समजून घे गं." संध्या कागदांच्या प्रती नीट लावत राहिली.

भागीरथा मात्र त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, मी तर वाटच पाहत होतो.

"सर," ती म्हणाली, "तुमी मांगतला असता तं मी देऊन टाकला असता. मले काय कराचा होता पैसा? मले माही भित पाह्यजे होती. पाहणी झाली की म्हटलं असतं, घ्या सर, ठेवा तुमच्यापाशी. पण तुमी माह्या पोरीले खोटी पाडाले आले."

सरांनी तोंडावर हात घेतले. मला सरकारजमा व्हावं लागलं असतं, ते तिला कुठे ठाऊक? पण ती मनापासून बोलली होती, आणि ते सरांच्या वर्मी लागलं, हे मला दिसलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आता मी कचेरीच्या कपाटात एका कागदी पाकिटात आहे. पाकिटावर लिहिलं आहे: सापडण्याची जागा, बोरखडी, पांढरी. सापडले कुणास, भागीरथा. स्थिती, घासून खराब केलेले. सगळं खरं लिहिलं आहे. सरांचे मला पाहू देण्यासाठी दोन अर्ज येऊन गेले. मंजूर करू नका, एवढीच माझी विनंती आहे.

आणि तुम्ही, हे वाचणाऱ्या शौकीन मंडळींनो, तुमच्याही घरी खण असतील, त्यातला एखादा रिकामा असेल. राहू द्या रिकामा. जे जमिनीत आहे ते जमिनीचं आहे. तिथे आमच्याबरोबर माणसांची घरं पुरलेली असतात, आणि वर माणसं राहत असतात.

मी वाईट बोललो असेन, तर बोललो. पण त्या दिवशी निघताना मॅडमनी पाकिटात घालण्याआधी मला पुन्हा एकदा भागीरथाच्या तळहातावर ठेवलं होतं. म्हणाल्या, "आजी, शेवटचं पाहून घ्या. तुमचंच आहे हे, तुम्हीच काढलंय. ह्यानंच तुमची भिंत वाचवली." तिनं पाहिलं. उलटं केलं, सरळ केलं. ज्या हातानं मला सतरा शतकांनी उचललं होतं, तोच हात होता, आणि मी त्यावर नागडा पडलो होतो. मग तिनं मान हलवली आणि मला परत दिलं.

"भित वाचली, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण हा माहा नोय, मॅडम. माहा हिरवा होता."